आज अर्धी भाकरी दुखतंय

आक्का, तुला ‘तू’ म्हणते आहे, रागावू नकोस. घरात मी तुला कायम ‘तुम्ही’च म्हटलं, आणि मधली अकरा वर्षं तर काहीच म्हटलं नाही. पण रस्त्यावर आपलं वेगळं चालायचं. जोतिबाला अनवाणी निघालो होतो, निगव्याच्या पुढं तुझ्या तळव्यात काटा मोडला आणि माझ्या तोंडून ‘थांब गं, हलू नको’ निघून गेलं. थोरल्या जावेला असं बोलले म्हणून मी जीभ चावली. तू मात्र पाय खुशाल माझ्या मांडीवर ठेवलास आणि म्हणालीस, “रस्त्यावर चालतंय. घरात म्हनू नको, आण्णांस्नी वाटंल जावा बिघडल्या.” तेव्हापासून रंकाळा तळ्याच्या कठड्याला हात लागला की ‘तू’, आणि परतताना आपल्या गल्लीचा कोपरा दिसला की ‘तुम्ही’. हे मी रस्त्यावरचं बोलते आहे असं समज.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. शुक्रवारी दुपारी तू गेलीस आणि रविवारी सकाळी पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जन झालं. रविवारची सकाळ, आणि तोच घाट. लांबच्या चालीला आपण इथूनच तर निघायचो. सगळे नदीकडं तोंड करून उभे होते आणि माझे पाय आपोआप पुलाकडं वळले. चार पावलं गेले असेन. लोकांना वाटलं मला चक्कर आली. पुण्याहून आलेल्या तुझ्या सुनेनं मला धरून पायरीवर बसवलं, कुणी तोंडाला पाणी लावलं. चक्कर कसली यायची, आपली चालायची वेळ झाली होती.

भेटायला येणारी माणसं विचारतात, गुडघ्याचं काही झालं होतं का? काय सांगू त्यांना? त्या गुडघ्याचे आपण दीड वर्ष लाड केले. त्याला शेक दिला, बर्फ दिला, त्याच्या कलानं उठलो, बसलो, जिने चढलो. तो शेवटपर्यंत शहाण्यासारखा वागला. आणि ज्याच्याकडं आपलं कुणाचंच लक्ष नव्हतं ते हृदय, भाकऱ्या थापून झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या थांबलं. मला तुझा रागही येतो, आक्का. सगळं मला सांगायचीस, छातीत काही होतंय हे तेवढं सांगितलं नाहीस. का तुलाही कळलं नव्हतं?

आपण बोलायचं कशावरून थांबलो हे आता कुणाला सांगायलाही लाज वाटते. गौरी कुणाच्या खोलीत उभी करायची, एवढंच. तू म्हणालीस, थोरलीकडं. मी म्हटलं, देवघराचं दार माझ्या बाजूला उघडतं. त्यावर तू चार बायकांत म्हणालीस की सुनंदाच्या हातच्या पुरणपोळीनं गौरी उपाशी परत जाईल. मी ताट तिथंच ठेवलं आणि उठले. आण्णांना, म्हणजे तुझ्या नवऱ्याला, भांडण सोसत नाही. सगळी हयात उद्यमनगरात फौंड्रीचे लाकडी साचे करण्यात गेलेला माणूस. बोलायच्या ऐवजी काहीतरी करून ठेवायचं एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी प्लायवूड आणलं, कानामागची जाड लाल पेन्सिल काढून खुणा केल्या आणि दोन दिवसांत घराच्या मधोमध पडदी ठोकली. “भांडान मिटंस्तवर,” म्हणाले. ती पडदी अजून आहे. प्लायवूडच ते, पलीकडं कुणी शिंकलं तरी अलीकडं कळतं. अकरा वर्षं मला तुझ्या खाणावळीतल्या भाकरीची थाप ऐकू यायची आणि तुला माझ्या कुकरची शिट्टी, पण दोघी एकमेकींना बहिऱ्या.

मग गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माझी टाच धरली. बावीस वर्षं महाद्वार रोडवरच्या दुकानात उभ्यानं साड्या दाखवल्या, तिनं तरी किती सोसायचं? सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा घुसायचा. कुणीतरी व्यायामाच्या दवाखान्याचा पत्ता दिला. गुडघ्या-टाचांचा दवाखाना आणि तो पहिल्या मजल्यावर. कठडा धरून वर गेले, दार उघडलं, तर समोर बाकावर तू. तीस वर्षं पाटावर बसून कॉलेजच्या पोरांना भाकऱ्या घातलेला डावा गुडघा पुढं काढून, त्यावर शेकायची पिशवी घेऊन. मी परतच फिरणार होते. पण जिना उतरायला टाच तयार नव्हती.

आणि मग तो कागदाचा घोटाळा. आक्का, मी साड्या दाखवताना गिऱ्हाइकांना हे सांगून किती हसवलंय, तुला माहीत नाही. तू शालन, मी सुनंदा, आडनाव एक, पत्ता एक. दवाखान्यातल्या पोरानं दोन्ही कागदांवर ‘सौ. एस. चव्हाण’ लिहिलं आणि तुझा मला दिला, माझा तुला. तीन आठवडे मी माझ्या ठणठणीत गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबत होते आणि तू पलीकडं फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली तुझ्या ठणठणीत तळव्याखाली फिरवत होतीस. मला ती गडगड ऐकू यायची. म्हटलं, हिनं आता हे काय नवीन काढलंय. दुसरं कुठलं घर असतं तर पहिल्या दिवशी एकीनं दुसरीला विचारलं असतं आणि विषय संपला असता. आपल्या घरात विचारायचं कुणी?

शेवटी प्राजक्तानं पकडलं. कागलहून रोज बसनं येणारी ती व्यायामाची डॉक्टरीण, वयानं आपल्या पोरींएवढी. तुला म्हणाली, घरी काय करता ते दाखवा बघू. तू मोठ्या अभिमानानं बाटली फिरवून दाखवलीस. “अहो काकू, हे टाचेचं हाय की,” ती म्हणाली. तू माझ्याकडं बघितलंस. अकरा वर्षांनंतरचं तुझं पहिलं वाक्य होतं, “माझा कागद तुझ्याकडं हाय.” मी म्हटलं, “आणि माझा तुमच्याकडं.” प्राजक्ता आधी हसली, मग तू, मग मी, आणि तुझी शेकायची पिशवी जमिनीवर पडली ती कुणी उचलेना. उतरताना तू माझा खांदा धरलास आणि मी कठडा. “दोघींचं मिळून दोन पाय धड हायत,” तू म्हणालीस, “बास झालं की.” संध्याकाळी तू ती बाटली पदराखाली धरून माझ्या दारात आलीस. गौरीच्या पुरणपोळीबद्दल तू काही बोलली नाहीस, मीही काढलं नाही. बाटली घेतली, चहा टाकला.

तुळजापूर तुझ्या डोक्यात कधीपासून होतं ते मला फार उशिरा कळलं. दर पौषात पेठेतल्या मंडळाचे लोक अंबाबाईच्या दारातून निघतात आणि बारा दिवस चालून पौर्णिमेला भवानीच्या दारात पोचतात. पहाटे आपल्या कोपऱ्यावरून जातात. तू वीस वर्षं त्या कोपऱ्यावर मोठं पातेलं मांडून त्यांना चहा पाजलास. एकदा रंकाळ्यावर बसलो असताना तू सहज बोलल्यासारखं म्हणालीस, “लई चहा पाजला सुनंदा. एकदा दुसऱ्याच्या कोपऱ्यावर उभारून प्यायचा हाय.” मी हसले, पण तू हसली नव्हतीस. प्राजक्ताला सांगितलं तर तिनं आधी तुझ्या गुडघ्याकडं बघितलं, मग माझ्या टाचेकडं. म्हणाली, “वर्षभर द्या मला. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं.” थांबायचं हे तिला वाटलं त्याहून अवघड निघालं, कारण आपल्या दोघींनाही ते कुणी कधी शिकवलं नव्हतं.

सुरुवात रंकाळ्याच्या अर्ध्या फेरीनं झाली. तुझ्या बुटांचं महाभारत त्याच आठवड्यातलं. नातवासारखे पांढरे बूट, वर इरकल साडी. तू कोपऱ्यावरून ते घालून जायला तयार नव्हतीस. म्हणून बूट माझ्याकडं राहायचे. मी ते भाजीच्या पिशवीतून आणायचे आणि तू रंकाळ्याच्या कठड्याआड बसून घालायचीस. पहिल्या दिवशी नाडी बांधता येईना. मी खाली बसून बांधली तर तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास, आशीर्वाद दिल्यासारखा, आणि म्हणालीस, “घट्ट बांध, पोरी.” फेरी झाली की परत पिशवीत. आणि मग गंगावेशीत जाऊन समोर म्हैस पिळून दिलेलं दूध मोठा पेला भरून प्यायचीस. मी म्हणायचे, चाललेलं सगळं पाण्यात गेलं. तू म्हणायचीस, दुधात गेलं.

प्राजक्ता विचारायची, दुखणं एक ते दहात किती? तुला ते आकडे पटेनात. “दहाचं काय मला कळत न्हाय. आज पाव भाकरी दुखतंय,” तू म्हणालीस. तिनं ते तसंच लिहून घेतलं. मग आपला नियमच झाला. पाव भाकरी असली तर चालायचं, अर्धी असली तर निम्मं अंतर, पूर्ण भाकरी झाली की जिथं असू तिथं बसायचं. रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी तू विचारायचीस, “टाच किती?” मी विचारायचे, “गुडघा किती?” दोघी थोडं कमीच सांगायचो आणि दोघींना ते माहीत असायचं. चव्हाणांच्या सुना आपण, दुखतंय म्हणून कबूल केलं तर दुसरी जिंकली असं वाटायचं.

आणि तो चौथा खेटा. माघातले पाच रविवार सलग, अनवाणी, जोतिबाचा डोंगर चढायचा; एक रविवार म्हणजे एक खेटा. घाटावर अंघोळ करायची, वडणगं, निगवं, कुशिरं करत गायमुखाच्या वाटेनं वर. प्राजक्तानं आधी डोळे मोठे केले आणि मग तीन वेळा परवानगी दिली. चौथ्या रविवारी निघताना तू म्हणालीस, पाव भाकरी. कुशिऱ्याला येईस्तोवर तुझा गुडघा लुगड्यातूनही सुजलेला दिसत होता. मी विचारलं तर म्हणालीस, “अर्धी.” पुढं चढाला तू आडवी पावलं टाकायला लागलीस. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं, आणि माघारी निघालेला एक टेम्पो थांबवून तुला उचलून आत बसवलं. चार बायकांनी हात लावला. घाटाशी उतरताना म्हणालीस, “माझा खेटा मोडलास.” दोन आठवडे बर्फ, विश्रांती, आणि पाचवा रविवार घरीच गेला. मी एकटीनं जावं असं तू म्हणालीस. मी गेले नाही. त्यानंतर महिन्यातून एकदा तरी हा विषय निघायचा. मी म्हणायचे, मी गुडघा वाचवला. तू म्हणायचीस, देवाला गुडघा दिसतोय व्हय? हे भांडण तसंच राहिलं. खरं सांगू? माझी चूक नव्हती. पण तू टेम्पोत पदर तोंडावर घेऊन बसली होतीस, तेव्हा ‘मला माफ कर’ एवढं म्हणायला माझं काही जात नव्हतं.

त्या सुजेनं आपल्याला शहाणं केलं हे मात्र तूही मान्य करशील. आठवड्यात एकच दिवस लांब, बाकी दिवस थोडं, एक दिवस काहीच नाही. पावसाळा गेला आणि दोघींच्या पायांत बळ आलं. दसऱ्यानंतर एका रविवारी आपण कागलपर्यंत चालत गेलो. सकाळी त्या दिवसापुरते बूट उघडपणे घालून तू कोपऱ्यावरून निघालीस, कुणी हसलं तर हसू दे म्हणून. हायवेच्या कडेला एक बाई अंगणात चूल पेटवून बसली होती. “पावणं, कुठनं आलाय?” तिनं विचारलं. “कोल्हापुरातनं, चालत.” “आणि निघालाय कुठं?” तू डोळ्याची पापणी न हलवता म्हणालीस, “तुळजापूरला.” त्या बाईनं उलट्या दिशेला बोट दाखवलं. “तुळजापूर तिकडं हाय की.” “व्हय,” तू म्हणालीस, “आमी जरा वळसा घालून निघालोय.” तिनं चहा दिला. तू उभ्यानं, पदरानं कप धरून, हळूहळू प्यालीस. बसायला पाट दिला तरी बसली नाहीस. कागलला प्राजक्ताच्या आईनं जेवायला घातलं, परत बसनं आलो, आणि बसमध्ये तू म्हणालीस, “पाव भाकरी. देवाशपथ पाव.” त्या दिवशी मला ते खरं वाटलं. त्या चहासाठी मी त्या बाईची जन्माची आभारी आहे. आता तर जास्तच.

मग तो शुक्रवार. सकाळी निघालो तेव्हा माझी टाच चांगली पाऊण भाकरी होती. लग्नसराईच्या गर्दीत दुकानात तेरा-चौदा तास उभी होते मी. मी म्हटलं, पाव. तू दहा पावलं माझ्या मागून चाललीस, मग थांबलीस. “खोटं बोलायलीयास. उद्यापासनं चार दिवस येऊ नको, आराम कर.” निघायला सव्वा महिना राहिला होता आणि तू मला घरी बसवत होतीस. मला चौथ्या खेट्याचा सूड वाटला. रस्ता होता, रंकाळा होता, तरी मी म्हटलं, “तुम्ही तुमचा गुडघा बघा आधी.” रस्त्यावर ‘तुम्ही’ म्हटलं, ते तुला लागलं. बूट काढून पिशवीत घातलेस, पिशवी माझ्याकडं दिलीस आणि आपण गल्लीत शिरलो. दुपारी दुकानात फोन आला.

आक्का, मी तुला बोललेलं शेवटचं वाक्य हे आहे. बाकी सगळ्याचं मी काहीतरी करीन, याचं काय करू ते मला कळत नव्हतं.

दोन बायका माझ्याकडं बघून बोलल्याच, या वयात एवढं चालायला लावलं कुणी. प्राजक्ता भेटायला आली तेव्हा तिला मी तेच विचारलं. ती म्हणाली, “काकू, चालण्यानं न्हाय ओ. त्यांचं रक्तदाबाचं लई जुनं हुतं, गोळ्या चुकवत हुत्या. चालायला लागल्यापासनं त्या जिना एकट्या चढायच्या, ते धरा.” मी ते धरून ठेवलं आहे. पण चालणं बंद झालं, बाटली फ्रीजरमध्ये तशीच पडली, आणि टाच पुन्हा खिळ्यावर आली. पहाटे जाग यायची. तुझा टॉवेलचा व्यायाम मला रोज ऐकू यायचा. एक, दोन, तीन असं मोजायचीस आणि सातावर हमखास ‘आई गं’ म्हणायचीस. आता पलीकडं काही वाजत नाही. नुसतं पडून राहायचं, उजाडेपर्यंत.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बाई आल्या. पौषातल्या चालीची यादी पक्की करायची होती, आपली दोन नावं होती. त्यांनी फार जपून विचारलं. मी काही बोलायच्या आत आण्णा म्हणाले, “यंदा आमच्या घरातलं कोन न्हाय. वरीस पाळायचं हाय. वरीसभर देवाची पायरी चढायची न्हाय.” घरातलं मोठं माणूस, त्याची बायको गेलेली, त्याच्यापुढं मी काय बोलणार? बाईंनी वही मिटली. मला हायसं वाटलं हेही तुझ्यापासून लपवत नाही. तू नसताना मला तो रस्ता नकोच होता.

तेराव्याच्या स्वयंपाकाला मोठा डबा हवा होता म्हणून मी तुझं कपाट उघडलं. तुझ्या बाजूचं कपाट मी अकरा वर्षांत आणि नंतरही कधी उघडलं नव्हतं. दाराच्या आतल्या अंगाला तो कागद चिकटवलेला होता, ‘सौ. एस. चव्हाण’, बाटलीवर पाय ठेवलेलं चित्र. माझा टाचेचा कागद. प्राजक्तानं मला नवा लिहून दिल्यावर मला वाटलं होतं तू तो कधीच चुलीत घातला असशील. त्याच्याखाली कॅलेंडर, आणि कॅलेंडरवर जवळजवळ प्रत्येक तारखेला निळ्या पेनानं बरोबरची खूण. मधेच तीन दिवस कोरे होते. मी बघत राहिले. ते तीन दिवस मी गगनबावड्याला भावाकडं गेले होते. मग आठवलं, तिथं बाटली नव्हती.

आण्णा मागं येऊन उभे राहिले होते. “तुझी बाटली वाजली की तारखंवर टिक करायची,” ते म्हणाले. “कान लावून बसायची पडदीला. वाजली की मला म्हनायची, वाजली बगा. न्हाय वाजली की दिसभर कातावल्याली. म्हनायची, तिला टाच सांभाळाय येत न्हाय, मलाच बगाय पायजे.”

शुक्रवारच्या तारखेवरही खूण होती, आक्का. मी तुला तोडून बोलायच्या आधीची. त्यापुढचे सगळे चौकोन कोरे होते. मी डबा तिथंच ठेवून खाली बसले आणि पहिल्यांदा पोटभर रडले. घाटावर रडले नव्हते, तेव्हा चालायची घाई होती. ‘तुमचा गुडघा बघा’ म्हणाले मी, आणि तू दीड वर्ष पडदीला कान लावून माझी टाच बघत होतीस. आण्णा बाजूला उभे होते. त्यांनी मला गप्प करायला कुणाला बोलावलं नाही, तेवढं बरं केलं.

काल पहाटे जाग आली ती नेहमीसारखीच. पडून राहिले थोडा वेळ. मग उठले, फ्रीजर उघडला, बाटली काढली. फरशीवर ठेवून टाचेखाली धरली. दुखलं, चांगलं पूर्ण भाकरी दुखलं. पण फिरवली. दहा मिनिटं, कागदावर लिहिल्याप्रमाणे, मग बोटं ओढून धरायचा तो दुसरा व्यायाम. शेजारी तुझ्या बुटांची पिशवी होती. ती मी अजून उघडलेली नाही, पण इतक्या दिवसांसारखी तिच्याकडं पाठ फिरवूनही बसले नाही.

सकाळी आण्णांचा चहा मी करते आता. त्यांच्या बाजूला जाऊन करते, कारण त्यांना तुझ्याच कपातला लागतो. काल तसंच साखरेसाठी कपाट उघडलं. कॅलेंडरवर इतक्या कोऱ्या चौकोनांनंतर, कालच्या तारखेवर बरोबरची खूण होती. जाड आणि लाल. आण्णा खुर्चीत बसून पेपर वाचत होते, पेन्सिल कानामागं होती. चहा पुढं ठेवला.

पेपर खाली न घेता त्यांनी विचारलं, “टाच किती?”

एवढं त्यांना ठाऊक होतं हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “पूर्ण होती. चालून बघितलं की अर्धी होईल.”

“मग अर्धाच रंकाळा,” आण्णा म्हणाले. चहा संपवला, कप खाली ठेवला. “मंडळाच्या बाईंकडं जा आणि नाव घाल. तुझं एकटीचं.” मी त्यांच्याकडं बघितलं तर त्यांनी पेपर पुन्हा वर धरला. “वरीस मी पाळतो की घरात बसून. आणि जायच्या दिवशी पातेलं मी ठेवतो कोपऱ्यावर. दूध किती लागतं ते तेवढं सांगून जा.”

सव्वा महिना होता, त्यातले तीन आठवडे रडण्यात गेले. प्राजक्ता म्हणते, एवढ्या थोड्या दिवसांत बारा दिवस सलग चालायची खात्री नाही. जिथं पूर्ण भाकरी होईल तिथं मागच्या गाडीत बसायचं, तेही चालणंच. तुझ्या चौथ्या खेट्यासारखं. तो खेटा मी पूर्ण धरला आहे, आक्का, आणि भवानीला तसंच सांगणार आहे. तुला पटत नसेल तर तू तिथं येऊन भांड. वाटेत पहिला चहा मिळेल तो मी उभ्यानं पिणार आहे, पाट दिला तरी. आणि त्या दिवशी बोललेलं ते वाक्य परत घेते. पहिल्यांदा माझ्याच टाचेकडं बघायला पाहिजे होतं.

तू गेल्याचं किती दुखतं असं कुणी विचारत नाही, विचारायची पद्धत आपल्या दोघींचीच होती. तूच विचारलंस असं समजून सांगते. पहिल्या आठवड्यात टोपलीभर होतं. आज अर्धी भाकरी दुखतंय. हे तुला माहीत आहे, थोडं कमी करूनच सांगते आहे.

आज पहाटेही बाटली फिरवली. जरा जोरातच फिरवली, पलीकडं ऐकू जावी म्हणून.